आत ऋण, बाहेर धन

तळघरात कन्सोल सापडला. अडॅप्टर नव्हता.
चार कार्ट्रिजं होती, एकावर माझ्याच अक्षरात
बहिणीला धमकी: हात लावलास तर याद राख, दानूता.
खोका शाबूत. थर्माकोलमध्ये
अडॅप्टरच्या मापाचा चौकोनी खड्डा,
पडलेल्या दाढेच्या जागेसारखा.

फेब्रुवारीतलं वूच. बाऊतीच्या बाजारात
खारवलेल्या काकड्यांच्या पिंपांपलीकडे
हाल्श्काबाईंचा ठेला. केळ्यांच्या खोक्यांत
काळ्या वायरींचा गुंता,
जशी कुणी शहरभरच्या घरांची शेपटं कापून आणलीत.
बाई सूतगिरणीत होत्या एकवीस वर्षं,
चालत्या यंत्रावर तुटला धागा जोडायच्या.
तिथे आता सिनेमागृह आहे.
"वायर सोपी," म्हणतात, "पळत नाही."

बारा व्होल्ट. साडेसात. एकावर सगळंच पुसलेलं.
आणि हा नऊचा, माझ्या कन्सोलमध्ये
कुलपात किल्ली जावी तसा गेला!
बाईंनी मनगट धरलं. बसतं म्हणून लावायचं नसतं.
भिंगाखाली दाखवलं नखाएवढं चित्र:
एक ठिपका, भोवती चंद्रकोर, एक अधिक, एक वजा.
"तुमच्या यंत्राला आत ऋण लागतं, बाहेर धन.
हा उलटा आहे. धूर निघाला असता."

आत ऋण, बाहेर धन.
मला वडील आठवले: अंगावर नवा चामडी कोट,
आतल्या खिशात हप्त्यांच्या चिठ्ठ्या.

रात्री दानूताचा फोन, गदिनियाहून.
"अडॅप्टर? तो आईच्या रेडिओला नाही का?"

फ्रिजवर रेडिओ. रेडिओमागे तो,
पिवळा पडलेला, तुपकट, कोमट,
मांजरासारखा घुरघुरत.
सव्वीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून सूप प्यायलो.
आईला सहा जाडे सेल आणून दिले आणि तो उचलला.
तिने सेलांची किंमत विचारली. मी कमी करून सांगितली.

हाल्श्काबाईंनी मीटर लावला. चौदा.
"रिकामा आहे ना, म्हणून फुशारकी.
ओझं टाका, नऊवर येईल मुकाट."
मग थांबल्या. "पण इथे वजा दिसायला हवा होता."
मानेखालची चिकटपट्टी सोलली.
आत दोन्ही तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या,
लाल काळीला, काळी लालला,
वर कथिलाचे दोन बेढब गोळे.
"नवशिक्याचं काम. पण मुद्दाम केलेलं."

आईची गिरणी त्या हिवाळ्यात बंद झाली.
ती दिवसभर घरी. त्याच आठवड्यात
वडिलांचा अंगठा भाजला, शेगडीवर, म्हणाले.
त्याच आठवड्यात माझा अडॅप्टर हरवला,
आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा
वडील टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथे पडले,
माझ्यासोबत शोधत.
कपाटामागे पाहिलं. बूट उलटे करून पाहिले.
शेजारच्या गेनोवेफाबाईंनाही विचारून आले!

"कापू?" बाईंनी पक्कड उघडली.
मागून ट्राम गेली, ठेल्यावरचे स्क्रू थरथरले.

नको.

मग त्यांनी एका मेलेल्या फोनयंत्राचा अडॅप्टर फोडला,
फुगलेला कपॅसिटर उपटून नवा बसवला,
मान कापली, तारा ओलांडल्या,
दोन टाके, बारीक, सुताच्या गाठीसारखे.
तेवीस झ्वॉती. वर एक काकडी.

संध्याकाळी आईच्या बैठकीत जुना टीव्ही.
आधी नुसतं बर्फ, मग निळं आकाश,
आणि सहा चौकोनांचा तो बुटका
उजवीकडे धावायला लागला.
पहिल्याच खड्ड्यात मी त्याला घातला.
स्वयंपाकघरात रेडिओ, परत आपल्या तारेवर,
बाल्टिकवरच्या वाऱ्याचा वेग सांगत होता.
"आवाज कमी कर," आई ओरडली.
कशाचा, ते बोलली नाही.